टायर बाहेरून नवा, आतून संपलेला! व्हील अलाइनमेंटचा कागद वाचायला शिका

गणपती जवळ आले की आपल्याकडे गाड्यांची लगबग सुरू होते. बेळगाव, निपाणी, खानापूरची मंडळी चोर्ला किंवा आंबोली घाटाने गोव्यात, कोकणात उतरतात. हैदराबाद, इंदूर, बडोद्याहून लोक दिवस-दीड दिवस गाडी चालवत गावाकडे येतात. गाडीत पाच माणसं, डिकी सामानाने गच्च भरलेली आणि बाहेर धो धो पाऊस. निघण्याआधी आपण काय करतो? गाडी धुतो, टाकी फुल करतो आणि समोर नारळ फोडतो.

मागच्या पावसाळ्यात मीही एवढंच केलं होतं. जांबोटीच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकात हवा कमी वाटली म्हणून पंक्चरच्या दुकानात थांबलो. दुकानातल्या मामांनी खिळा शोधायला चाक खोललं आणि मला हाक मारली, "साहेब, जरा आतनं हात घाला की." टायर बाहेरून अगदी छान दिसत होता, नक्षी शाबूत होती. आतल्या कडेला हात फिरवला तर बोटाला तार टोचली.

"बाहेरनं नवा हाय, आतनं संपलाय बघा. ह्याच्यावर घाट उतरू नका," मामा म्हणाले.

आई, बायको, मुलं गाडीतच बसली होती. स्टेपनी चढवली आणि घाट न उतरता माघारी फिरलो. खरं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तीनच महिन्यांपूर्वी मी एका दुकानात पैसे मोजून व्हील अलाइनमेंट करून घेतली होती. दुकानदार म्हणाला, "झालं साहेब, एकदम ओके." मी मान डोलावली आणि निघालो. मशीनमधून कागद निघतो हे माहीत होतं, पण मागितला नाही. मागितला असता तरी तेव्हा मला तो वाचता आला नसता.

आपल्यापैकी अनेकांचं असंच होतं. मशीनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं. दुकानदार आपापल्या गावाप्रमाणे कानडीत, तेलुगूत, गुजरातीत नाहीतर हिंदीत सांगतो, आणि आपण "बरं बरं" म्हणून पैसे देतो. म्हणून आज हा विषय साध्या मराठीत मांडतोय. हे सगळं समजायला मेकॅनिक असावं लागत नाही.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं

दुकानाच्या पाटीवर ही दोन नावं कायम जोडीने असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना ते एकच काम वाटतं.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या वजनाचा तोल. टायर आणि रिम मिळून जे चाक बनतं त्याचं वजन सगळीकडे अगदी सारखं नसतं. चाक मशीनवर फिरवून कुठे जड, कुठे हलकं ते बघतात आणि रिमला छोटे वजनाचे तुकडे लावतात. तोल बिघडला की हायवेवर साधारण ८० ते १०० च्या वेगात गाडी थरथरते. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट किंवा गाडीचा तळ थरथरत असेल तर मागची.

अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते बघणं आणि बसवणं. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं किंवा टायर एका कडेने झिजतात. नुसती थरथर असेल तर अलाइनमेंटने ती जाणार नाही. आणि टायर एका कडेने जात असेल तर बॅलन्सिंगचे कितीही तुकडे लावले तरी उपयोग नाही.

तीन शब्द लक्षात ठेवा: टो, कॅम्बर, कॅस्टर

पहिला टो. उभे राहा आणि स्वतःच्या पावलांकडे वरून बघा. पावलांची बोटं आत वळली तर तो टो-इन, बाहेर फाकली तर टो-आउट. गाडीच्या पुढच्या चाकांचंही तसंच, फक्त बघायचं वरून. टो बिघडला की टायर सगळ्यात लवकर जातो, कारण चाक फिरतं एकीकडे आणि गाडी त्याला ओढते दुसरीकडे. हिशोब सोपा आहे. एका चाकाचा टो अर्धा अंश जरी चुकला, तरी दर किलोमीटरला तो टायर जवळपास ९ मीटर आडवा घासला जातो. १०० किलोमीटर गेलात तर ९०० मीटर. रबराने तरी किती सोसायचं?

दुसरा कॅम्बर. गाडीच्या समोर उभं राहून बघितलं तर चाक सरळ उभं आहे, की वरून आत झुकलंय, की वरून बाहेर झुकलंय? वरून आत झुकलेलं असेल तर कॅम्बर निगेटिव्ह, बाहेर झुकलेलं असेल तर पॉझिटिव्ह. थोडासा निगेटिव्ह कॅम्बर बऱ्याच गाड्यांना कंपनीनेच दिलेला असतो. तो जास्त झाला की टायरची आतली कड झिजते. ही कड उभ्या माणसाला दिसत नाही, त्यामुळे हा दोष लवकर सापडत नाही.

तिसरा कॅस्टर. सायकल बाजूने बघा. पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, थोडा तिरका असतो. गाडीतही स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा अशीच मागे कललेली असते. वळण घेऊन हात सैल सोडला की स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते मुख्यतः या कॅस्टरमुळे. कॅस्टर बिघडल्याने टायर फारसा झिजत नाही, पण दोन बाजूंचा कॅस्टर वेगळा असेल तर गाडी एकीकडे ओढते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो नट फिरवून बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर मशीन मोजतं, पण ते बदलायला बोल्ट दिलेला नसतो. मागच्या चाकांचं तर अनेक गाड्यांत काहीच फिरवता येत नाही. म्हणजे कॅम्बर हद्दीबाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा बसलंय. अशा वेळी आधी तो भाग शोधून बदलावा लागतो. त्याआधी केलेली अलाइनमेंट म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर पुसण्यासारखं आहे.

टायर स्वतःच सांगतो

जुनी चप्पल उलटी करून बघितली की माणूस कसा चालतो ते कळतं. टायरचंही तसंच.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग चांगला आहे: हवा सतत कमी ठेवली गेली.

मधला पट्टा झिजलाय आणि कडा चांगल्या आहेत: हवा जास्त ठेवली गेली.

एकच कड झिजली आहे: कॅम्बर किंवा टो बघा. टो-आउट जास्त असेल तर आतली कड जाते, टो-इन जास्त असेल तर बाहेरची.

टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचतं: हा टो बिघडल्याचा अगदी ओळखीचा खुणेचा प्रकार.

जागोजागी खोलगट चट्टे पडलेत, गाडी चालताना गुरगुर आवाज येतो: शॉकअप थकलेत का, चाकाचा तोल गेलाय का ते बघा.

हे बघायला गाडी जॅकवर घ्यायची गरज नाही. गाडी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक वर. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवलं की पुढच्या टायरची आतली कड दिसते. मग दुसऱ्या बाजूला वळवा. मागच्या टायरसाठी मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाका, नाहीतर मोबाइल खाली धरून फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

गाडी ओढते म्हणजे प्रत्येक वेळी अलाइनमेंटच नव्हे

आपले रस्ते मध्ये थोडे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे स्टिअरिंग सैल सोडलं तर बरीचशी गाडी हळूहळू डावीकडे सरकते. तेवढं चालतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर बघूनच निष्कर्ष काढा.

आधी चारही चाकांची हवा बघा. एका बाजूला ५-६ पीएसआय कमी असेल तर गाडी तिकडे ओढणारच. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर ब्रेकचं काम आहे. थोडं अंतर चालवून थांबल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. रिमला थेट हात लावू नका, भाजेल. जवळ नेलं तरी आच कळते.

टायरमध्येच दोष असेल तर? पुढचे दोन टायर डावी-उजवी अदलाबदल करून बघतात. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा. मात्र ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

माझ्या गाडीचा कागद

चोर्ल्याच्या वाटेवरून परत आल्यावर दोन दिवसांनी दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी आधीच सांगितलं, "आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे असलेला कागद पाहिजे."

कागदावर प्रत्येक चाकासाठी साधारण तीन गोष्टी असतात. कंपनीने दिलेली हद्द, काम सुरू करण्याआधीचा आकडा आणि काम झाल्यावरचा आकडा. बहुतेक मशीनवर हद्दीत असलेला आकडा हिरवा आणि हद्दीबाहेरचा लाल दिसतो. कोन अंश आणि मिनिटांत लिहितात. इथली मिनिटं घड्याळाची नाहीत, पण हिशोब तसाच आहे: ६० मिनिटं म्हणजे १ अंश. टो काही ठिकाणी मिलिमीटरमध्येही देतात.

माझ्या गाडीला पुढच्या चाकांच्या कॅम्बरची हद्द होती उणे १ अंश ३० मिनिटांपासून अधिक ३० मिनिटांपर्यंत. उजव्या चाकाचा आकडा होता उणे २० मिनिटं, म्हणजे हिरवा. डाव्या चाकाचा उणे १ अंश ५० मिनिटं. लाल. टो मात्र दोन्हीकडे हिरवा होता. याचा अर्थ आधीच्या दुकानदाराने टो नीट बसवला होता. त्याच्या मशीनवर कॅम्बर लाल दिसलाच असणार. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग माझा प्रश्न होता की कॅम्बर एवढा चुकलेला असताना गाडी ओढत कशी नव्हती? तिथल्या दादांनी समजावून सांगितलं. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह, गाडी त्या बाजूला जायला बघते. म्हणजे माझी गाडी उजवीकडे ओढत होती. रस्त्याचा उतार तिला डावीकडे ओढत होता. दोन्ही ओढी एकमेकांत जिरत होत्या आणि मला वाटत होतं, गाडी काय सरळ जाते! आतून टायर मात्र रोज झिजत होता.

गाडी वर घेऊन बघितल्यावर डाव्या बाजूचा स्ट्रट, म्हणजे पुढचा शॉकअप, वाकलेला निघाला. कधीतरी पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं होतं. आवाज मोठा झाला, रिम ठीक दिसली, म्हणून मी सोडून दिलं होतं. स्ट्रट बदलला, पुन्हा अलाइनमेंट केली, सगळे आकडे हिरवे झाले. नवे टायर घालावे लागले तो खर्च वेगळा.

दुकानात काय बघायचं, काय विचारायचं

गाडी मशीनवर घेण्याआधी चारही टायरची हवा सारखी केली का बघा. हवा कमी-जास्त असताना घेतलेले आकडे खरे नसतात.

पुढचं चाक उचलून, हाताने हलवून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बुश ढिले आहेत का ते बघायला सांगा. ढिल्या सांध्यावर बसवलेला टो पहिल्या खड्ड्यात हलतो.

स्टिअरिंग सरळ करून लॉक केलंय ना, ते बघा. हे चुकलं की काम होऊनही स्टिअरिंग तिरकं राहतं.

डिकीत जड सामान असेल तर काढून ठेवा. गाडी किती बसते त्यावर कोन बदलतात.

तुमच्या गाडीचंच मॉडेल मशीनवर निवडलंय ना, हे स्क्रीनवर वाचा. हद्द दुसऱ्या गाडीची असेल तर हिरव्याला काही अर्थ नाही.

काम झाल्यावर कागद मागा. लाल आकडा राहिला असेल तर दोनच प्रश्न विचारा: "हा लाल का राहिला?" आणि "कोणता भाग बघायला लागेल?" चांगला कारागीर या प्रश्नांना वैतागत नाही. तो गाडीखाली नेऊन दाखवतो.

शेवटी स्वतः गाडी चालवून बघा. ईएसपी असलेल्या गाडीत काही वेळा अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा सेन्सर पुन्हा सेट करावा लागतो. डॅशबोर्डवर नवा दिवा लागला तर तिथेच सांगा, घरी येऊन फोन करू नका.

कधी करायची?

वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरला तपासून घेणं पुरेसं आहे. त्याआधी करायची ती कारण असेल तर. जोरात खड्डा किंवा डिव्हायडर बसला असेल, टाय रॉड, लोअर आर्म, शॉकअप असं काही बदललं असेल, नवे टायर घातले असतील, स्टिअरिंग तिरकं झालं असेल किंवा टायर एका कडेने झिजताना दिसत असेल. सगळे आकडे हिरवे असतील तर "तरी पण जरा सेट करून टाकू" म्हणण्याची गरज नाही.

टायरची जागा बदलणं, म्हणजे रोटेशन, साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला करा. पुढचे टायर वळण आणि बहुतेक गाड्यांत इंजिनची ताकदही झेलतात, म्हणून ते लवकर झिजतात. जागा बदलली की चारही टायर बरोबरीने जातात. शिवाय चाकं खोलली की आतली कडही नजरेस पडते.

हवा, नक्षी आणि टायरचं वय

हवा किती ठेवायची? पंपावरच्या मुलाने विचारलं की आपण अंदाजे आकडा सांगतो. खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. तिथे दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन निघणार असाल तर दुसरा आकडा बघा. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा हा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

हवा टायर थंड असताना तपासावी. लांब चालून आल्यावर दोन-चार पीएसआय वाढलेले दिसतात, ते सोडून देऊ नका. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो. म्हणून बेळगावच्या थंड सकाळी भरलेली हवा आणि हैदराबादच्या दुपारची हवा सारखी दिसणार नाही. आणि नायट्रोजन? आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मिळाला तर चालेल, पण तो भरला म्हणजे महिनोन्‌महिने हवा बघायची नाही, असं नाही.

नक्षीच्या खाचेत जागोजागी छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या रेषेत बघा. रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे कारच्या टायरची कायद्याने संपण्याची वेळ झाली. पण पावसाच्या मुलखात तिथवर थांबू नये. टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं काम या खाचाच करतात. त्या उथळ झाल्या की पाण्याच्या थरावर टायर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही काही क्षण कामाला येत नाहीत. आतली कड गोटा झालेला टायर बाहेरून कितीही चांगला दिसो, पाण्यात तो अर्धाच टायर आहे.

टायरचं वयही बघा. अंगावर चार आकडे एका चौकटीत असतात. २३२३ असेल तर तो २०२३ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी चालवली म्हणून टायर नवा राहत नाही, रबर उन्हातान्हात कडक होतं, भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. स्टेपनीचंही वय वाढतं, तीही बघा.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे घाला. अनेकांना हे उलटं वाटतं, कारण इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं असतं. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी रुंद जाते आणि ॲक्सिलरेटर सोडून ती सावरता येते. मागची चाकं सरकली तर गाडी गर्रकन फिरते. घाटात तेव्हा सावरायला जागा नसते.

बॉनेट उघडून पाच मिनिटं

टायरनंतर बाकीची तपासणी. यातलं काहीच अवघड नाही.

इंजिन ऑइल: गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, वापरलेलं तेल काळं होतंच. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर मात्र तेलात पाणी मिसळलंय, गाडी तशीच चालवू नका.

कूलंट: बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. वारंवार नळाचं पाणी ओतत राहिलात तर आतून गंज धरतो. आणि पातळी सारखी खाली जात असेल तर गळती शोधा.

ब्रेक ऑइल: पातळी खाली गेली की लगेच वरून ओतायची घाई करू नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते, म्हणून आधी पॅड बघायला सांगा. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. साधारण दोन वर्षांनी बदलावं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमकं लिहिलेलं असतं. जुनं, पाणी धरलेलं ऑइल घाट उतरताना तापतं, आत वाफ होते आणि पेडल खाली खाली जातं. म्हणून ऑइल बदलायचं, आणि उतरतानाही जुन्या ड्रायव्हर लोकांचं ऐकायचं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर उतरू नका.

बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. सकाळी स्टार्टर रडका आवाज काढत असेल तर गावाला जाऊन बंद पडण्याआधी इथेच तपासा.

एअर फिल्टर: उन्हाळाभर लाल माती खाल्लेला फिल्टर काढून बघा. तो गच्च भरला असेल तर गाडी दम धरत नाही.

वायपर, दिवे: काचेवर पट्टे उमटत असतील तर वायपरचं रबर बदला, खर्च थोडासाच आहे. मागचे ब्रेक लाइट पेटतात का ते घरच्या कोणाला मागे उभं करून बघा. धुक्यात मागचा माणूस त्यांच्याच भरवशावर येत असतो.

निघण्याआधीच्या रविवारी

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. निघायच्या आधीच्या रविवारी स्टिअरिंग वळवून चारही टायरच्या आतल्या कडा बघा. हवा भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवा, स्टेपनीतही भरा. जॅक आणि पाना डिकीत आहे का बघा, आणि पान्याने नट खरोखर सुटतो का ते एकदा करून बघा. तेल, कूलंट, ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या बघा. निघायच्या आदल्या दिवशी नको, कारण दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ लागतो.

आणि अलाइनमेंटचे कागद फेकू नका, गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी दुकान बेळगावात असो, फोंड्यात असो की इंदुरात, जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी धरला की काय बदललं ते तुम्हालाच दिसेल. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता असे दोन कागद आहेत. जांबोटीच्या मामांकडे या वर्षी मुद्दाम थांबलो आणि हवा बघून घेतली. त्यांनी न सांगताच वाकून आतून हात फिरवला, म्हणाले, "आता जावा बिनधास्त."